होडी ओढायची, पण कशानं?

१४५३ साली ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदनं कॉन्स्टँटिनोपलला जहाजं चक्क जमिनीवरून ओढून नेली. बैल, माणसं आणि खाली चरबी लावलेले ओंडके! म्हणजे त्यानं आधी वाट केली, मग ओढायचं बघितलं.

आता आपल्या सोलापूरकडं या. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं. पण इथला काठ एका जागी थांबतोय होय? उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, उरतो काळ्या मातीचा चिखल. कायमची वाट करणार कुठं? मग सगळा भार गाडीवर. पुढची चाकं ओढणारी कार नकोच. चढावर मागं होडीचं वजन आलं की ती चाकं हलकी पडतात, जागेवर फिरतात. ट्रॅक्टरची मोठी मागची चाकं आणि लो गिअर इथं कामाला येतात. होडी पाण्यात सोडणं सोपं हो, भरलेली ट्रॉली वर काढताना कळतं.