कोंकणांतील उन्हाळीं

रत्नागिरीस पाहुणा आला म्हणजे त्यास रत्नदुर्ग दाखवावा, थिबा राजाचा वाडा दाखवावा, समुद्राचा वारा आणि हंगाम असल्यास आंबे खाऊं घालावे व स्टेशनावर पोंचवावें, अशी आमची रीत आहे. आज मी आपणांस निराळ्या वाटेनें नेणार आहें. सकाळीं निघून दिवेलागणीस परत यावयाचें, अशी ही एका दिवसाची सहल आहे. अग्नीनें घडविलेली भूमि आणि त्या भूमींतून वर येणारें ऊन पाणी, एवढेंच आपणांस पाहावयाचें आहे. परंतु आरंभींच एक कबुली देऊन ठेवतों. याच वाटेनें मीं शाळेंतील मुलांना अनेक वेळां नेलें, आणि प्रत्येक वेळीं त्यांना एक गोष्ट चुकीची सांगितली. ती चूक दुरुस्त करणें, हाच आजच्या भाषणाचा खरा हेतु आहे.

शहराबाहेर पडतांच सडा लागतो. उघडा, सपाट, तांबूस आणि वैशाखांत तव्यासारखा तापणारा. हा जांभा दगड. आमचीं घरें, आमचे गडगे, आमच्या विहिरींचीं बांधकामें, सारीं याच्याच चिऱ्यांचीं. खाणींत असतां तो सहज तासतां येतो आणि उघड्यावर वारा लागला कीं कठीण होतो. मलबारांत फिरतांना अशाच दगडाच्या विटा पाडलेल्या पाहून फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्यानें १८०७ सालीं ग्रंथांत त्यास ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें घेतलेलें आहे. परंतु आमच्या सड्याचा जांभा हा मूळचा वेगळा दगड नव्हे. तो काळ्या दगडाचेंच रूपांतर आहे. अगणित पावसाळ्यांचें पाणी त्या काळ्या दगडांत मुरलें, विरघळणारें तें सारें वाहून गेलें आणि लोखंडाचा गंज तेवढा मागें राहिला. पाणी दगडांत शिरतें आणि आपलें काम करतें, हा या सहलीचा पहिला धडा. तो विसरूं नये, कारण सायंकाळीं त्याचा उपयोग व्हावयाचा आहे.

हातखंब्यास मुंबई-गोवा रस्ता लागतो. तेथून उत्तरेस संगमेश्वराकडे वळलें म्हणजे रस्त्याच्या कापांत काळा पाषाण दिसूं लागतो. पूर्वेस सह्याद्रि उभा असतो. त्याच्या अंगावरील आडव्या पायऱ्या नीट पाहाव्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक थर होय. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांस ‘ट्रॅप’ म्हणतात, तें स्वीडिश भाषेंतील जिना या अर्थाच्या शब्दावरून. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वाहत राहिला. चित्रांत दाखवितात तसा शंकूसारखा पर्वत फुटला, असें मुख्यत्वें घडलें नाहीं. रस पसरला, थिजला, त्यावर पुन्हां पसरला. आजहि त्या थरांनीं सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापलेली आहे. याच संगमेश्वरीं १६८९ च्या फेब्रुवारींत संभाजी महाराज मोगलांच्या हातीं सांपडले. त्या घटनेस सव्वातीनशेंहून अधिक वर्षें झालीं आणि आपणांस ती फार जुनी वाटते. लाव्हारस थिजून गेल्यास तितक्या वर्षांचे जवळजवळ दोन लक्ष फेरे उलटून गेले आहेत. हें प्रमाण ध्यानांत ठेवावें.

संगमेश्वर ओलांडून पुढें गेलें कीं तुरळ येतें. हिवाळ्याच्या सकाळीं पोंचलें तर कुंडावर वाफ तरंगतांना दिसते. पाण्याचें उष्णमान सुमारें ६० अंश सेंटिग्रेड असतें, म्हणून तेथें एकदम हात घालण्याचें साहस करूं नये. जवळच राजवाडी आहे. तेथील पाणी ५० अंशांच्या वर असतें. रस्त्यानें आणखी उत्तरेस गेलें कीं आरवली. तेथील पाणी सुमारें ४० अंश, म्हणजे आपल्या घरच्या न्हाणीघरांतील कढत पाण्याइतकें. संधिवाताचे आणि त्वचारोगाचे रोगी या पाण्यांत स्नान करून बरें वाटतें असें सांगत आले आहेत. अशा झऱ्याला आमच्याकडे ‘उन्हाळें’ म्हणतात. उन्हाळा हा ऋतु आणि उन्हाळें हा झरा, हा भेद शहरांतील मुलांना मुद्दाम सांगावा लागतो.

येथेंच एका वर्षीं इयत्ता सातवींतील एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, खालीं ज्वालामुखी आहे, तर मग हा शेजारचा कातळ गार कसा?” मीं त्यास सांगितलें, “बाळ, आग फार खोल आहे,” आणि सर्वांना शिदोऱ्या सोडावयास लावलें. मुलगा गप्प बसला. त्याचें समाधान झालें नव्हतें, हें मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलें होतें. खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नव्हतें. परंतु मला स्वतःला शाळेंत जें सांगण्यांत आलें होतें तेंच मी पुढें सांगत होतों.

या ऊन पाण्याचीं कारणें लोकांनीं वेळोवेळीं निरनिराळीं मानिलीं. सर्वांत जुनें कारण देवतेचें. ठाणें जिल्ह्यांत वज्रेश्वरीस असें सांगतात कीं, देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त म्हणजे हें पाणी. दुसरें कारण अग्नीचें. काळा दगड लाव्हारसाचा आहे हें कळल्यावर, तोच रस अजून खालीं धुमसत असेल, असें सुशिक्षितांना वाटूं लागलें. पहिलें कारण सांगणाऱ्या भाविकांना आम्ही शिक्षक हंसत होतों. परंतु दुसरें कारणहि तितकेंच निराधार आहे, हें आमच्या लक्षांत आलें नाहीं. लाव्हारसाला थिजून इतकीं कोटि वर्षें झालीं कीं, त्याची ऊब उरणें शक्य नाहीं. शिवाय सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेच्या परिसरांत १९६७ च्या डिसेंबरांत मोठा भूकंप झाला. तेथील भूकंपांचा शोध घेण्यासाठीं २०११ नंतर खोल छिद्रें पाडण्यांत आलीं. तेव्हां सुमारें एक किलोमीटर खोलीवर काळ्या दगडाचे थर संपले. त्यांच्याखालीं रस नव्हता. तेथें लागला तो त्या थरांहून कितीतरी पुरातन असा घट्ट ग्रॅनाइट. भारताच्या हद्दींतील जागृत ज्वालामुखी पाहावयाचा तर अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटावर जावें लागेल.

मग ऊब कोठली? तें गणित सातवींच्या मुलालाहि सुटेल. पृथ्वीवर बहुतेक ठिकाणीं जमिनींत एक किलोमीटर खालीं गेलें कीं उष्णमान २५ ते ३० अंशांनीं वाढतें. पृथ्वीच्या जन्माच्या वेळची शिल्लक उष्णता आणि खडकांतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या विघटनानें उत्पन्न होणारी उष्णता, हीं त्याचीं कारणें. कोंकणांत वरची जमीन २७ अंश धरली, तर दोन किलोमीटर खालीं ८० अंशांच्या आसपास उष्णता असणार. तेथवर पाणी उतरलें आणि वाटेंत फारसें न निवतां वर आलें, कीं तुरळचें कुंड तयार झालें. आणि तें पाणी कोणतें? झऱ्याच्या पाण्यांतील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड व हलक्या अणूंचें प्रमाण मोजून शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे कीं, तें मूळचें पावसाचें पाणी आहे. आपल्याच डोंगरांवर पडलेला पाऊस भेगांतून खोल जातो, तापतो, खडकांतील क्षार घेतो आणि दुसऱ्या भेगेनें परत येतो. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर हें असें होतें. ऊन पाणी एका अरुंद भेगेनें येतें, म्हणून भेगेपासून दूर असलेला कातळ गार.

भेगांची साक्ष नकाशाहि देतो. पालघर जिल्ह्यांतील सातिवली, ठाण्यांतील वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली, रायगडांत पालीजवळचें उन्हेरें आणि महाडजवळचें सव, मग आमच्या जिल्ह्यांत दापोली तालुक्यांतील उन्हवरे, खेड, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटीं राजापूर. हीं सारीं ठिकाणें सह्याद्रि व समुद्र यांच्यामधून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या सुमारें ३०० किलोमीटरांच्या एका पट्ट्यांत आहेत. त्यांत उन्हवऱ्याचें पाणी सर्वांत कढत, सुमारें ७० अंश. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे टॉमस ओल्डहॅम यांनीं देशांतील सुमारें ३०० उष्ण झऱ्यांची यादी केली आणि ती १८८२ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु आमच्या खेडुतांची यादी त्याहून जुनी आहे. ती त्यांनीं गांवांच्या नांवांतच लिहून ठेविली. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ आणि मराठी ‘ऊन’, असा हा शब्द चालत आला. उन्हेरें, उन्हवरे, उन्हाळे हीं नांवें त्याच शब्दाचीं.

आतां गाडी परत फिरवूं आणि लांज्यावरून दक्षिणेस राजापुरीं जाऊं. शहराजवळ अर्जुना नदीच्या कांठीं उन्हाळे गांव आहे. तेथें बारमाही ऊन पाणी वाहतें, आणि वरच्या टेकडीवर प्रसिद्ध गंगा आहे. तेथें १४ कुंडें आहेत. साधारणतः तीन वर्षांनीं गंगा येते, कांहीं महिने राहते व जाते, असें मानतात. मात्र तिचा नेम काटेकोर नाहीं आणि अलीकडे तर ती वेळीं-अवेळीं आलेली आहे. पोटांतील पोकळी भरली कीं वक्रनळीप्रमाणें पाणी उसळतें, असें तिचें कारण देतात. भाविक तिला काशीची गंगा म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीनें ती आपल्याच डोंगराची आहे, म्हणून तिची थोरवी कमी होते असें मला वाटत नाहीं.

राजापूर हें एके काळीं मोठें बंदर होतें. इंग्रजांची येथें वखार होती. १६६० सालीं त्यांनीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जोहरास तोफांची मदत केली, म्हणून १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं ती वखार लुटली. जैतापूरच्या खाडीनें तेव्हां गलबतें शहरापर्यंत येत. पुढें खाडी गाळानें भरत गेली आणि व्यापार उठून गेला. पाण्याची वाट कायमची असते असें राजापुरच्या व्यापाऱ्यांनाहि वाटलें असेलच.

आणि म्हणूनच माझी चूक मला लहान वाटत नाहीं. झऱ्याखालीं ज्वालामुखी आहे असें एकदां मानलें, कीं तो अक्षय ठरतो आणि मनुष्यानें त्याची काळजी वाहण्याचें कारण उरत नाहीं. तो पावसाचा आणि भेगेचा आहे असें कळलें, कीं सारेंच पालटतें. मग डोंगरावरचें रान, जवळची दगडाची खाण, नवी कूपनलिका, रुंद होणारा रस्ता, या प्रत्येकाचा त्याच्याशीं संबंध येतो. १९६६ सालीं केंद्र सरकारनें उष्ण झऱ्यांच्या अभ्यासासाठीं समिति नेमली, ती त्यांच्या उष्णतेचा उपयोग काय होईल हें पाहण्यासाठीं. उपयोग अवश्य व्हावा. पण आधीं झरा कोणाच्या जिवावर वाहतो, हें ठाऊक असावें.

तो मुलगा आतां प्रौढ झाला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो हें भाषण ऐकत असेल, तर त्यास माझें एवढेंच सांगणें आहे कीं, बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. आणि इतर श्रोत्यांनीं तुरळास गेल्यावर कुंडाशेजारच्या कातळावर एकदां हात ठेवून पाहावा, व मुलें बरोबर असल्यास त्यांनाहि ठेवूं द्यावा.