निर्मनुष्य म्हटलेला मुलूख

गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे आहे. धरणाच्या वरच्या अंगास नजर टाकली तर अथांग पाणी आणि सभोवार गर्द रान एवढेच दिसते. परक्या प्रवाशाला वाटावे की, हा मुलूख सृष्टीच्या आरंभापासून असाच निर्मनुष्य असला पाहिजे. वस्तुस्थिती निराळी आहे. याच पाण्याखाली सुपा हे गाव आहे. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर ते वसले होते आणि तालुक्याचे ते मुख्य ठिकाण होते. १९८७ साली धरण पुरे झाले. तालुक्याचा कारभार जोयड्यास गेला, विस्थापित कुटुंबांना रामनगर येथे वसविण्यात आले, आणि जिथे बाजार भरत होता तिथे पाणी आले.

नांदत्या भूमीला निर्मनुष्य समजण्याच्या या भ्रमावर एका देशाने आपली अवघी पुराणकथा उभारली, आणि पुढे त्याच देशातील काही चित्रपटकारांनी ती तपासून पाहिली. तो इतिहास जोयड्याच्या रानात बसूनही उद्‌बोधक वाटावा असा आहे.

१८९० च्या शिरगणतीनंतर अमेरिकेत असे जाहीर झाले की, वसाहतीची सरहद्द म्हणून दाखविता येईल अशी सलग रेषा आता उरलेली नाही. त्या आधारे १८९३ साली शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने आपला प्रसिद्ध निबंध वाचला. मोकळ्या भूमीकडे सतत सरकत जाणाऱ्या सरहद्दीनेच अमेरिकन स्वभाव घडविला, असा त्याचा सिद्धांत होता. या मांडणीत ‘मोकळी’ हा शब्द कळीचा आहे. त्या भूमीवर शायन, अपाची, नाव्हाहो अशी कितीतरी राष्ट्रे नांदत होती. आपण ज्यांना दीर्घकाळ ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, ते हेच लोक.

चित्रपटाने ही कथा हौसेने उचलली. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) मध्ये प्रवाशांची घोडागाडी धावत आहे आणि अपाची तिच्यावर तुटून पडत आहेत. ते कोठून आले, का चिडले, हे चित्रपट विचारीत नाही. वादळ यावे तसे ते येतात आणि गोळ्या खाऊन पडतात. चित्रण झालेली मॉन्युमेंट व्हॅली नाव्हाहोंची भूमी होती. अपाचींचे सोंगही नाव्हाहोंनीच घेतले होते. आपल्याच भूमीवर परक्याच्या नावाने मरण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले.

पहिली शंका याच फोर्डने घेतली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘फोर्ट अपाची’ (१९४८) मधील कर्नल वाटाघाटीचा विश्वास मोडतो, हट्टाने हल्ला करतो आणि आपल्या सैनिकांसह नाश पावतो. शेवटी मात्र वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर त्याची वीरकथाच कायम ठेवली जाते. दंतकथा कशी तयार होते, ते पडद्यावर असे उघड दिसले. ‘द सर्चर्स’ (१९५६) मध्ये नायकाच्या अंतःकरणातील वंशद्वेष झाकलेला नाही. ‘शायन ऑटम’ (१९६४) मध्ये फोर्डने १८७८ सालची खरी घटना घेतली. दक्षिणेकडील राखीव मुलुखात उपासमार व रोगराई सोसणारे सुमारे ३०० शायन स्त्रीपुरुष आपल्या उत्तरेकडील मायभूमीस जाण्यासाठी निघाले, आणि सैन्य त्यांच्या पाठीस लागले.

१९७० साली ही चौकशी अधिक कठोर झाली. ‘सोल्जर ब्ल्यू’ने १८६४ मधील सँड क्रीकचे हत्याकांड पडद्यावर आणले. तेथे शायन व अरापाहो जमातींची दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता. आर्थर पेनच्या ‘लिटल बिग मॅन’ने कस्टर या गाजलेल्या सेनानीचा पुतळा चौथऱ्यावरून खाली उतरविला. व्हिएतनाममधील माय लाय येथील कत्तल १९६९ च्या अखेरीस उघडकीस आली होती. प्रेक्षकाला जुन्या सरहद्दीवर आजचे युद्ध दिसू लागले, आणि म्हणूनच जुना प्रश्न त्याला झोंबला.

तथापि एक उणीव पुष्कळ काळ राहिली. ‘ब्रोकन अ‍ॅरो’ (१९५०) हा अपाचींविषयी सहानुभूती बाळगणारा चित्रपट. परंतु त्यांच्या कोचीस या पुढाऱ्याची भूमिका जेफ चँडलर या गोऱ्या नटाने केली. ‘लिटल बिग मॅन’मध्ये चीफ डॅन जॉर्ज या खऱ्याखुऱ्या मूळ रहिवाशाला महत्त्वाची भूमिका मिळाली आणि ऑस्करसाठी नामांकनही लाभले, पण गोष्ट सांगणारा नायक गोराच राहिला. अन्यायाची कबुली देतानाही बोलण्याचा हक्क सहजी सोडला जात नाही.

आपल्याकडे ‘शोले’ने (१९७५) वेस्टर्नपटातील घोडे, बंदुका व आगगाडीवरील हल्ला आणला, ही भूमी आधी कोणाची, हा प्रश्न मात्र सोबत आला नाही. मराठीत डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ने ठाकर समाजाला कथेच्या मध्यभागी आणले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील हा चित्रपट मराठी माणसाला अभिमानाचा वाटतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातील नाग्या व चिंधी ही प्रमुख पात्रे मोहन आगाशे व स्मिता पाटील यांनी रंगविली. कोचीसच्या बाबतीत विचारलेला प्रश्न येथेही विचारावा लागतो.

जोयड्याच्या रानालाही अशीच एक कथा चिकटविण्यात आली. येथील कुणबी व इतर रानवासी कुमरी शेती करीत. म्हणजे डोंगरउताराचा तुकडा तोडून-जाळून त्यावर दोन-तीन हंगाम नाचणीसारखे पीक काढीत आणि मग तो पुन्हा रानाच्या स्वाधीन करून पुढे सरकत. १८५६ साली मद्रास इलाख्याचे वनाधिकारी झालेले क्लेगहॉर्न यांना ही पद्धत नासाडीची वाटली. त्याच काळात रेल्वेच्या स्लीपरांना व जहाजांना लाकूड हवे होते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यात आला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची चौकट पक्की केली. पिढ्यान्‌पिढ्या रान वापरणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमण करणारा ठरू लागला. पुढे अभयारण्य आले, धरण आले, व्याघ्रप्रकल्प आला. वीज हवी, वाघही हवा, याविषयी दुमत नाही. पण प्रत्येक वेळी हिशेब मांडताना रान रिकामे धरले जाऊ नये. गोव्यातील कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. सरहद्दीच्या अलीकडे, जोयड्याच्या कुणब्यांनी वर्षानुवर्षे तीच मागणी लावून धरली आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या प्रस्तावनेत रानवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य करण्यात आले. तेवढी कबुली देण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

अमेरिकन चित्रपटाने आपली सरहद्दीची कथा दुरुस्त करण्यास १९४८ पासून आरंभ केला आणि ते काम अजून संपलेले नाही. सुप्याची कथा सांगणारी माणसे रामनगरात व जोयड्याच्या वाड्यांवाड्यांतून आहेत. गाव पाण्याखाली जाताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांचे वय आता झाले. त्यांच्याच तोंडून ती कथा ऐकून टिपून ठेवली नाही, तर पुढच्या पिढीला धरणावरून खरोखरच केवळ पाणी आणि रान दिसेल.