हेवी डिपॉझिटचा फ्लॅट आणि गहाणाचा जुना नियम

मुर्ध्यापासून मीरा रोडपर्यंत एजंटांच्या पाट्यांवर 'हेवी डिपॉझिट' हा शब्द सगळ्यांच्या सवयीचा झालाय. मालकाला एकरकमी काही लाख द्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत. मुस्लिम वाचक मला विचारतात, यात व्याज कुठे आलं? मग मुफ्ती हरकत का घेतात?

उत्तर जुनं आहे. इस्लामी कायद्यात गहाणाला 'रहन' म्हणतात. कुराणातल्या दुसऱ्या सूऱ्याची २८३ वी आयत सांगते, प्रवासात लिहिणारा नसेल तर वस्तू ताब्यात देऊन व्यवहार करा. खुद्द पैगंबरांनी मदिनेत एका ज्यू माणसाकडे लोखंडी चिलखत ठेवून जव उधार घेतले होते. निधनाच्या वेळीही ते गहाणच होतं, असं हदीसमध्ये आहे. म्हणजे गहाण ठेवण्यात कमीपणा नाही, आणि समोरच्याचा धर्मही आड येत नाही.

अडचण पुढे आहे. गहाण वस्तू मालकाचीच राहते, सावकाराकडे ती फक्त खात्रीसाठी. तिचा फायदा त्याने उपटला तर तेच व्याज, असं बहुतेक फकीह मानतात. गहाण जनावराला चारा घालणाऱ्याला त्याचं दूध चालतं, एवढी सवलत हदीसमध्ये आहे, आणि तिच्यावरही वाद आहेतच. आता डिपॉझिट बघा. पैसे परत मिळणार, म्हणजे ते कर्ज. फुकट राहणं हा त्या कर्जाचा फायदा. म्हणजे बिचारा भाडेकरूच सावकार ठरला!

पळवाटही जुनीच. अकराव्या शतकाच्या सुमारास बुखारा-समरकंदकडे 'बै-बिल-वफा' रूढ झाली. घर 'विकायचं', पैसे फेडले की परत घ्यायचं, तोवर घेणाऱ्याने वापरायचं. काही हनफी पंडितांनी लोकांची गरज बघून ती चालवून घेतली, काही म्हणाले हे सरळ गहाणच. ऑटोमन तुर्कांच्या 'मजल्ला' संहितेत तर तिला कलमच मिळालं.

आपल्याकडची मुदत खरेदी हीच की! फरक एवढाच, की मुदत टळली की जमीन कायमची गेली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार उकरून बघता येऊ लागला. कागदावर 'खरेदी' लिहिलंय म्हणून ती खरेदी होत नाही, हे तिथे आणि मुफ्तीच्या दारात सारखंच.

पण मला जास्त काळजी वेगळी वाटते. शेतकऱ्याची जमीन तरी सावकाराच्या हातात होती. आपला हेवी डिपॉझिटवाला बायकोचे दागिने मोडून पैसे देतो, आणि घर त्याच्याकडे तारण नसतंच. मालकाने आधीच बँकेचं कर्ज घेतलं असेल आणि ते थकलं, तर घरावर पहिला हक्क बँकेचा. बरेच मुफ्ती सुचवतात की बाजारभावाच्या जवळपासचं भाडं ठरवा, डिपॉझिट बेताचं ठेवा. शरियत बाजूला ठेवली तरी व्यवहाराला हे बरं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि तो करून देणं मालकाचं काम आहे. चावी घेण्याआधी तो मागा, फ्लॅटवर कर्ज आहे का तेही विचारा.