पाण्यात बोटं सुरकुततात, त्यामागची गोष्ट

बार्शीटाकळी तालुक्यात महान गावाजवळ काटेपूर्णा धरण आहे. तिथं पाण्यात उभं राहून जाळं ओढणाऱ्याची बोटं बघा, नाहीतर घरी ढीगभर कपडे धुवून उठलेल्या आईची. टोकं पांढरी आणि चिमलेली. कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं : "कातडी पाणी पिते, फुगते, म्हणून सुरकुत्या पडतात."

बरीच वर्षं शिकलेले लोकही हेच मानायचे. या उत्तराला पहिला धक्का बसला 1936 साली, लंडनमध्ये. थॉमस लुईस आणि जॉर्ज पिकरिंग हे दोन डॉक्टर हाताची नस दुखावलेले रुग्ण तपासत होते. नस म्हणजे इथं रक्ताची नाही बरं का, संवेदना वाहून नेणारी, मज्जातंतू. त्यांना दिसलं की ज्या बोटांची नस निकामी झालीय, ती पाण्यात ठेवूनही गुळगुळीतच राहतात. शेजारचं चांगलं बोट मात्र सुरकुततं. आता विचार करा : पाणी तेच, कातडीही त्याच माणसाची. मग नुसतं भिजणं हे कारण कसं असेल?

पुढं उलगडलं ते असं. पाणी घामाच्या छिद्रांतून आत शिरतं, तिथलं क्षारांचं प्रमाण बदलतं आणि नसा जाग्या होतात. त्या बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतात. आतला गर आक्रसतो, वरची कातडी आत ओढली जाते, आणि सुरकुती पडते. म्हणजे हे काम शरीर स्वतः करतं. 1973 मध्ये शेमस ओ'रियन या आयरिश सर्जननं यावरूनच सोपी तपासणी सुचवली : हात 40 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि कुठलं बोट सुरकुतत नाही ते पाहायचं.

पण यात आपल्या विदर्भाचा काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे. त्याच 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. पुढं अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. या ठिकाणी आलेल्या कित्येकांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं. कारण काय, तर रोगानं बोटं 'झडतात', असा समज.

खरं म्हणजे कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. कोपरापाशी आपटली की झिणझिण्या येतात ना, ती नस यात बऱ्याचदा सापडते. मग करंगळी बधिर होते, वाकडी होते. चुलीवरचं भांडं उचललं तरी चटका कळत नाही. काटा रुतला तरी समजत नाही. जखम चिघळते, आणि बोट जातं ते त्या जखमांमुळे. ज्या माणसाला सगळ्यात जास्त काळजीची गरज होती, त्यालाच गावानं हाकललं.

बरं, निसर्गानं सुरकुत्या दिल्या कशाला? 2013 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात दिसलं की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता येतात. 2014 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना मात्र तसा फरक आढळला नाही. मग 2021 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या 500 हून जास्त लोकांवरचा अभ्यास आला : सुरकुतलेल्या ओल्या बोटांना वस्तू धरायला कमी जोर लागतो. टायरला नक्षी असते तसंच काहीसं. वाद अजून मिटलेला नाही.

एक सांगतो, घरी बादलीत हात बुडवून स्वतःच निदान करत बसू नका. पण अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला, तिथं स्पर्श कळत नाही, किंवा बोटं बधिर वाटतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि साधारण 6 ते 12 महिन्यांत रोग बरा होतो. लवकर गेलं तर नस वाचते. घरात कोणी लाजून चट्टा लपवत असेल, तर त्याच्यासोबत तुम्ही जा.

भेटू पुढच्या भागात!