दालचिनी पाव कोल्हापूरच्या घरात कसा आला

दालचिनी घातलेल्या गोड पावाची कुळकथा सांगायला बसलं की बहुतेक जण थेट स्वीडन गाठतात. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमपासून सांगावी असं मला वाटतं. तिथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती ठेवलेली आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर गेल्या शतकाच्या चाळिशीत ती सापडली आणि तिच्याबरोबर रोमन घडणीची भांडीही निघाली. समुद्राचा देव घाट चढून इतक्या आत आला, तो व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. त्या व्यापारात पश्चिम किनाऱ्यावरून रोमकडे जहाजं भरून जे जाई, त्यात मिरी होती, तसंच तमालपत्रही होतं. रोमन श्रीमंत त्या पानांची सुगंधी तेलं करून अंगाला लावत. तमालपत्र आणि दालचिनी ही एकाच कुळातली झाडं. एकाचं पान वापरायचं, दुसऱ्याची साल.

म्हणजे मसाला आपल्याला नवा नव्हता. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात दालचिनी पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. गूळ तर कोल्हापूरचाच. दूध, लोणी, वेलची, गहू, सगळं हाताशी. तरीही फुगलेल्या गोड पिठात दालचिनी गुंडाळून भाजायचं आपल्या स्वयंपाकघराला सुचलं नाही. अडलं ते दोन गोष्टींपाशी: पावाला घरात मज्जाव होता आणि घरात भट्टी नव्हती. कोल्हापुरातल्या या पावाची गोष्ट म्हणजे हे दोन अडसर कसे निघाले त्याची गोष्ट.

आधी दालचिनीचा मोठा प्रवास थोडक्यात. उत्तम, पातळ सालीची दालचिनी श्रीलंकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिच्यासाठी तिथं ठाण मांडून बसले, 1658 मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं आणि 1796 मध्ये त्या बेटावरची मक्तेदारी इंग्रजांकडे गेली. साल सोलण्याचं काम सलागम जातीच्या लोकांवर सक्तीनं लादलेलं होतं. झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडायची, आतली साल अखंड सोडवायची आणि वाळताना तिच्या आपोआप होणाऱ्या नळ्या एकात एक बसवायच्या. युरोपातल्या ज्या पावाचं आपण कौतुक करतो त्यामागे ही वेठ आहे, हे त्याच्या कुळकथेत नोंदवलंच पाहिजे.  

स्वीडनमध्ये दालचिनी, साखर आणि पांढरं पीठ ही बराच काळ श्रीमंतांची चैन होती. पहिल्या महायुद्धानंतर, 1920च्या दशकात, हे जिन्नस सामान्य घरांच्या आवाक्यात आले आणि दालचिनीची गुंडाळी घरोघरी भाजली जाऊ लागली. तिथल्या पिठात वेलची घालतात, आणि वेलचीचं मूळ रान आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहे. 1999 पासून स्वीडनमध्ये 4 ऑक्टोबर हा या पावाचा दिवस म्हणून पाळतात.

हा पाव गुंडाळीच्याच आकाराचा का, याचं कारण दालचिनीच्या स्वभावात आहे. तिला वास आणि तिखटपणा देणारं सिनामाल्डिहाइड हे द्रव्य बुरशीला मारक असतं, आणि यीस्ट ही एक बुरशीच. दालचिनीची पूड भरपूर घेऊन सरळ पिठात मळली तर पीठ मंदावतं, फुगायला फार वेळ घेतं. म्हणून पीठ वेगळं फुगवायचं, लाटायचं, त्यावर लोणी, साखर आणि दालचिनी पसरायची आणि वळकटी करायची. मसाला थरांच्या मधे राहतो आणि यीस्टचं काम चालू राहतं. ज्या बायकांनी हे पहिल्यांदा ओळखलं त्यांना रसायनशास्त्र शिकवलेलं नव्हतं. फुगलेलं आणि न फुगलेलं पीठ त्यांनी हातानं ओळखलं होतं.

आता आपल्याकडच्या पहिल्या अडसराकडे येऊ.

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. यीस्ट मिळेना म्हणून त्यांनी माडाची सूर वापरून पीठ आंबवलं. सासष्टीतल्या माजोर्ड्यात पहिली भट्टी पेटली असं गोव्यात सांगतात. वसईतही पोर्तुगीज 1534 पासून 1739 पर्यंत होते, आणि तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात एक पदार्थ टिकून आहे जो या कुळकथेत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर आणि आंबवायला ताडी. ताडीच्या जागी आता यीस्ट आलं आहे. सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो तेलात सोडायचा. तेलात पडताच तो टम्म फुगतो. लग्नाच्या जेवणात फुगे हवेतच. यीस्टनं फुगवलेला, किंचित गोड पाव मराठी घरात, मराठी हातांनी, शेकडो वर्षं होत आला आहे, याचा हा चालता-बोलता पुरावा. फक्त तो तळलेला आहे, कारण घरात भट्टी तिथंही नव्हती.

बाकी मराठी समाजानं मात्र पाव उंबऱ्याबाहेर ठेवला. विहिरीत पाव टाकला आणि पाणी पिणारे सगळे बाटले, ही वसईकडची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाई. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली आणि त्यावरून जातिबहिष्काराचं मोठं ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका बिस्किटावरून शहर ढवळून निघत असेल तर यीस्टचा पाव घरच्या चुलीवर कोण करणार? कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर 1852 मध्येच आले होते. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्या काळी अमेरिकन गृहिणी बटाट्याच्या किंवा हॉप्सच्या पाण्यात खमीर राखून घरी पाव भाजत. अशी घरं गावात असूनही ती विद्या शेजारी गेली नाही. रूढीनं आपलं केवढं नुकसान केलं ते अशा ठिकाणी दिसतं.

विसाव्या शतकात हा मज्जाव हळूहळू सुटला. इराण्यांच्या हॉटेलांनी, गोव्याहून मुंबईला गेलेल्या पाववाल्यांनी, गावोगावच्या मुसलमान बेकरीवाल्यांनी आणि नंतर कर्नाटकातून आलेल्या अय्यंगार बेकऱ्यांनी तो सोडवला. कोल्हापूरनं तर पावाला थेट मिसळीच्या शेजारी बसवलं, आणि इथं मिसळीबरोबर स्लाईस ब्रेड घेण्याची पद्धत रुजली. पण हा सगळा पाव विकतचा. घरचा नव्हे.

दुसरा अडसर भट्टीचा. तो कसा निघाला हे मला पाककृतींच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला ते तोंडपाठ आहे. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरची नानकटाई बेकरीत नेऊन भाजून आणायची पद्धत होती. बाई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा डब्यांतून घेऊन जायची. मोठ्या परातीत तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसली जाई, मग पीठ पडे. पोरं गोळे वळून काळ्या पत्र्यांवर ओळीनं मांडत, अंगठ्यानं मधे दाब देत, कुणी चारोळी लावे. पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून नावाची चिठ्ठी. भाजणावळ किलोवर.

पत्रे भट्टीत कधी जायचे हे बेकरीवाला ठरवी, आणि त्यात मोठं शहाणपण होतं. लाकडावर तापलेली भट्टी सुरुवातीला अतिशय कडक असते, तेव्हा पाव भाजायचा. तो निघाला की उष्णता उतरू लागते, तेव्हा नानकटाई. अगदी शेवटच्या मंद आचेत टोस्ट वाळवायचे. एका जाळात तीन भाजण्या. घरच्या बायका हे बघत उभ्या राहायच्या. वरून आणि खालून एकसारखी धग लागली की पीठ कसं उमलतं, कधी खमंग वास सुटतो, कधी कड करपते, हे त्यांनी तिथं पाहिलं. मराठी घर बेकिंग शिकलं ते माझ्या मते या रांगेत उभं राहून.

वर-खाली निखारे ठेवून भाजायची युक्ती काही घरांत त्याआधीही होती. पाठारे प्रभू समाजात भानोलं हा पदार्थ तसाच भाजत. पण बहुसंख्य घरांत ओव्हन आला तो गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी जाड पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचं भांडं ठेवलं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि पुस्तकात वाचून नवं करून बघण्याची सवय घरोघरी लागली. मग चौकोनी ओटीजी आले, सुक्या दाणेदार यीस्टची पाकिटं किराणा दुकानात दिसू लागली, आणि आज राजारामपुरी, ताराबाई पार्ककडच्या कितीतरी घरांतून ऑर्डरीचे दालचिनी रोल बाहेर पडतात.

त्या यीस्टबद्दल एक गोष्ट कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावी. पावाचं यीस्ट कारखान्यात वाढवतात ते मुख्यतः साखर कारखान्याच्या मळीवर. ज्या मळीचा वास हंगामात आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर भरून राहतो, तेच यीस्टचं अन्न. परकं म्हणून हिणवलेल्या त्या पाकिटातला जीव उसावरच पोसलेला आहे.

आता हा पाव कोल्हापुरात कसा व्हावा, याबद्दल माझी मतं ठाम आहेत.

साखर नको, गूळ हवा. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून, आणि ती गुळासाठी नावाजली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. पण गुळाची एक अडचण आहे. तो हवेतलं आणि पिठातलं पाणी ओढून घेतो, तापला की पातळ होतो आणि गुंडाळीतून वाहून तळाशी करपतो. यावर उपाय संक्रांतीच्या गुळाच्या पोळीत आधीच दिलेला आहे. पोळीतला गूळ फुटू नये म्हणून आपण त्यात खमंग भाजलेलं बेसन आणि तीळकूट मिसळतो. तेच इथं करावं: दीडशे ग्रॅम किसलेल्या गुळाला दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन आणि दोन लहान चमचे दालचिनी पूड. सारण जागच्या जागी राहतं आणि बेसनाचा खमंगपणा दालचिनीला उचलून धरतो. स्वीडनच्या कृतीत हे सापडणार नाही.

पीठ अर्धा किलो मैद्याचं, सात ग्रॅम सुकं यीस्ट, चिमूटभर वेलची, चवीला मीठ, पाऊणशे ग्रॅम लोणी आणि मावेल तसं, पाव लिटरहून थोडं जास्त दूध. परदेशी पुस्तकांत दूध उकळून निववून घ्या असं मुद्दाम बजावलेलं असतं, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं पीठ ढिलं करतात. आपल्याकडे दूध घरात आलं की आधी गॅसवर चढतं, त्यामुळे ही अट आपोआप पाळली जाते. पिठातही गूळ घालायचा असेल तर तो कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गरम दुधात घातला तर दूध फाटेल. खपली गव्हाचं पीठ वापरण्याचा मोह होतो, आणि त्याची चव खरोखर सुंदर आहे, पण त्याचा चिकटा कमकुवत असतो. खीर आणि पोळी हे त्याचे प्रांत. मैद्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नये.

पीठ दहा मिनिटं मळावं, ताणलं तर पातळ पडदा धरेल इतकं. मे महिन्यात ते पाऊण तासात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात, म्हणून घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघावं. वळकटी सुरीनं कापली तर दबते. खालून दोरा घालून दोन्ही टोकं वर आणून फुली करावी आणि ओढावं, चकत्या गोल सुटतात. पुन्हा अर्धा तास फुगू द्याव्यात, मग 190 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

दालचिनी विकत घेताना लक्ष द्या. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मागितली की सहसा जाड, एकेरी, लाकडासारखी कडक साल मिळते. ती कॅशिया, दालचिनीची चुलतबहीण. रश्श्याला ती चालते. पावाला पातळ, अनेक पदरी, बोटांनी चुरली जाणारी खरी दालचिनी हवी. ती आता कोकणात होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ ही जात दिली आहे आणि नारळी-पोफळीच्या बागांत शेतकरी ती आंतरपीक म्हणून घेतात. फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलात तर बागायतदाराकडूनच घ्या.

आणि ज्यांच्या घरी बेकरीत नानकटाई भाजून आणायची रीत होती त्यांना एक विनंती. बेकरी कुठल्या पेठेत होती, भाजणावळ किती पडायची, पत्र्यावर काय काय जायचं, हे वहीत लिहून ठेवा. त्या भट्ट्यांच्या जागी आता विजेचे आणि गॅसचे ओव्हन येत चालले आहेत, आणि घरच्या बेकिंगचा हा इतिहास अजून कुणी नीट लिहिलेला नाही.