औंध : वॉर्साच्या अभियंत्याने आणि साताऱ्याकडच्या राजाने मांडलेले खेड्यांचे प्रजासत्ताक

वैनगंगेकाठच्या पवनीत दोन राजवटींच्या खुणा दगडावर उरल्या आहेत. रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा छायास्तंभ येथे मिळाला आणि भार कुळातील भगदत्त राजाचा शिलालेखही येथेच मिळाला. त्यांच्या राज्यांत माणसे कशी राहत, कर कोण ठरवी, तंटा कोण सोडवी, यांपैकी काहीही त्या दगडांवर नाही. मात्र १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर जो स्तूप उघडा झाला, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. राजाचा दगड वेगळा आणि प्रजेचा वेगळा.

महाराष्ट्राच्या इतिहासात एका राजाने हे दोन दगड एकत्र आणण्याचा प्रयत्न केला होता. त्या राज्याची घटना ज्या चर्चेतून आकाराला आली, ती चर्चा पवनीच्या पश्चिमेला, वर्ध्याजवळच्या सेगावात झाली. त्या सेगावाचे पुढे सेवाग्राम झाले. राज्य मात्र तेथून फार दूर होते, साताऱ्याकडचे औंध.

प्रथम राज्याची ओळख. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले आणि त्यांचेच वंशज औंधचे पंतप्रतिनिधी झाले. विसाव्या शतकात हे संस्थान म्हणजे नकाशावर सांडलेले चार-पाच ठिपके होते. औंध एकीकडे, माणदेशातले आटपाडी दुसरीकडे, कृष्णाकाठाजवळचे कुंडल तिसरीकडे आणि थेट विजापूरच्या बाजूला गुणदाळ. मध्ये सगळा ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने. एकूण खेडी ७२, लोकसंख्या सुमारे पाऊण लाख. आटपाडीकडचा भाग तर कायमचा दुष्काळी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तले उजाड खेडे याच संस्थानातले आहे.

१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चमत्कारिक मिश्रण होते. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे असे कट्टर प्रचारक, की त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. पंडित सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ त्यांच्या आश्रयाने औंधात चालले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळची माळरानाची जमीन त्यांनीच दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. यमाईच्या डोंगरावरचे भवानी संग्रहालयही त्यांचेच. एवढे सगळे असले तरी तोवर ते चांगल्या राजाचेच चरित्र होते. असे राजे बडोद्यात होते, कोल्हापुरात होते. औंध वेगळे ठरले ते एका परदेशी माणसामुळे.

मॉरिस फ्रिडमन १९०१ मध्ये वॉर्सात एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मले. तेव्हा वॉर्सा रशियाच्या झारच्या ताब्यात होते. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर पोलंड हे नाव नकाशावरून पुसले गेले होते आणि ते परत यायला १९१८ उजाडले. म्हणजे या माणसाच्या बालपणी त्याच्या देशाला राज्यच नव्हते आणि तारुण्यात डोळ्यांसमोर एक स्लाव प्रजासत्ताक उभे राहिले. विद्युत अभियंता म्हणून नाव मिळवल्यावर म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यात आणले. येथे त्यांनी संन्यास घेतला, 'भारतानंद' झाले, भगवी वस्त्रे घालू लागले. अभियंत्याचा हात मात्र गेला नाही. गांधीजींच्या गोटात गाजलेली धनुष्यटकळी ही त्यांचीच करामत.

फ्रिडमन औंधात आले तेव्हा राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरी संपवून परतले होते. वडील राजे, मुलगा गांधीजींच्या विचारांकडे ओढलेला आणि जोडीला वॉर्साचा संन्यासी, असे हे त्रिकूट. १९३८ च्या नोव्हेंबरात राजेसाहेबांनी जाहीर केले की राज्याची सत्ता प्रजेच्या हाती देण्यात येईल. या जाहीरनाम्याच्या मसुद्यात फ्रिडमन यांचा हात होता. त्या वर्षी राजकोट, हैदराबाद, त्रावणकोर अशा अनेक संस्थानांत जबाबदार राज्यपद्धतीसाठी लोक तुरुंगात जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घोषणेचे वजन कळते.

घोषणा झाली, पण घटना कशी लिहायची? त्यासाठी अप्पासाहेब आणि फ्रिडमन सेगावी गेले. पाश्चात्त्य पद्धतीचे मंत्रिमंडळ आणि विधिमंडळ यांत गांधीजींना रस नव्हता. त्यांनी पिरॅमिड उलटा केला. पाया गावाचा. गावाने पाच पंच निवडावेत, पंचांनी आपला अध्यक्ष निवडावा, अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांतून राज्याच्या सभेत प्रतिनिधी जावेत. महसुलाचा मोठा वाटा खालीच खर्च व्हावा. न्यायासाठी शेतकऱ्याने तालुक्याला हेलपाटे घालू नयेत, न्यायाने गावात यावे. राजाने स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालून घ्यावी. २१ जानेवारी १९३९ रोजी ही स्वराज्य-घटना औंधात लागू झाली.

याला प्रजासत्ताक म्हणता येईल का? काटेकोर अर्थाने नाही. गादी शिल्लक होती, वर ब्रिटिश सार्वभौमत्व होते आणि संरक्षण, टपाल, नाणी यांचा प्रश्नच नव्हता. पण सत्तेचा उगम कोठे मानायचा, या कसोटीवर पाहिले तर १९३९ च्या भारतात औंधइतके प्रजासत्ताकाजवळ गेलेले संस्थान शोधूनही सापडणे कठीण.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात सहसा सुटते. मतदार साक्षर असावा, असा गांधीजींचा आग्रह होता. हेतू शिक्षणाचा प्रसार हाच होता, आणि अक्षर शिकणे ही अट असली की गाव शाळा मागेल, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण १९३९ च्या माणदेशात अक्षर कोणाला येत होते? बायकांना जवळजवळ नाही, महारवाड्याला आणि मांगवाड्याला फारच थोडे. तेव्हा अशी अट ज्यांना स्वराज्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच दाराशी थांबवणारी होती. पुढे भारतीय राज्यघटनेने निरक्षरालाही मत दिले आणि गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी टीका केली, ती औंधला उद्देशून नव्हती. तरी औंधचा इतिहास वाचताना ती शेजारी ठेवूनच वाचावी लागते.

फ्रिडमन यांच्या कल्पनेतून उतरलेला आणखी एक प्रयोग म्हणजे आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीविना, कुटुंबासह शेतीवर ठेवायचे. याच वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांना कथा सुचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सर्वांना माहीत असतो, संस्थान कोणाला माहीत नसते.

१९४३ पासून याच छोट्या मुलुखात दुसरेही स्वराज्य वावरू लागले. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात उभे राहिले आणि त्याचे एक मुख्य ठाणे होते कुंडल, जी. डी. बापू लाड यांचे गाव. कुंडल औंधच्या हद्दीत, म्हणून ब्रिटिश पोलिसांना तेथे सरळ घुसता येत नसे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटणाऱ्या तुफान सैनिकांना औंधची ही सरहद्द किती मोलाची होती, हे सांगायला नको. प्रतिसरकारची न्यायदान मंडळेही गावातच बसत, तंटे गावातच मिटवत. एकीकडे राजाने दिलेली पंचायत, दुसरीकडे बंदूक घेऊन उभी राहिलेली. दोन्हींना गाव हेच न्यायाचे ठिकाण वाटले, ही त्या काळाची मोठी खूण आहे. फरक एवढाच की पहिलीच्या पाठीशी राजाचा शब्द होता, दुसरीच्या पाठीशी भूमिगतांचा धाक. राजाचा शब्द राजाबरोबर संपतो, ही पहिलीची दुबळी बाजू होती.

आणि तो संपलाच. १९४७ नंतर इतकी लहान राज्ये टिकणे शक्य नव्हते. दक्षिणेकडच्या काही संस्थानिकांनी एकत्र येऊन संघराज्य करून पाहिले, पण ते उभे राहण्याआधीच कोसळले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि सातारा-सांगली-कोल्हापूर पट्टा जाळपोळीने होरपळला. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. घटनेचे आयुष्य भरले नऊ वर्षे आणि दीड महिना. पोलंडची ३ मे १७९१ ची घटना, युरोपातल्या पहिल्या लिखित घटनांपैकी एक, चार वर्षांत राज्यासकट बुडाली होती. त्या मानाने औंधचे बरे चालले.

योगायोग असा की त्याच १९४८ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणीही रिकामी झाली. सायबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून तेथे स्वतःच्या शाळा, चर्च आणि नाट्यगृहासह राहत होते. दक्षिण महाराष्ट्रातली दोन्ही पोलिश प्रकरणे एकाच वर्षी मिटली.

अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. राजेसाहेब १९५१ मध्ये गेले. फ्रिडमन भारतातच राहिले आणि मुंबईत मराठी बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७३ मध्ये जगभर पोहोचले. १९७६ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. ७२ गावांच्या पंचायती मुंबई सरकारच्या कायद्याखाली गेल्या. स्वतंत्रपूरची खुली वसाहत मात्र आजही आहे, महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे.