घर गेलेल्यांसाठी गोधड्या

अमेरिकेत गोधडी बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये शिवतात. आधी नऊ-बारा इंचांचे चौकोन तयार करायचे, मग ते एकमेकांना जोडायचे. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे चांगली रुजली आणि पुढचं सगळं तिच्यामुळे घडू शकलं. चौकोन मांडीवर मावतो, घरकामातून सवड मिळेल तसा शिवता येतो. गावातल्या वीस-पंचवीस बायकांनी आपापल्या घरी एकेक केला की बघता बघता गोधडी होते. आणि अशा कामात चौकोन उरतातच. एखादीचा रंग बाकीच्यांशी जुळत नाही, एखादीचा अर्धा इंच कमी पडतो, एखादी दहा करून कंटाळते. एखादी आजी वारते आणि तिचं कपाट आवरताना मुलींना खोकंभर ब्लॉक सापडतात.

मी मूळची अकोल्याची, आता पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहते. इथल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका चर्चच्या तळघरात आम्ही बायका अशा उरलेल्या, लोकांनी आणून दिलेल्या ब्लॉकांच्या गोधड्या करतो. त्या विकायच्या नसतात. लढाईत, भूकंपात ज्यांचं घर गेलं त्यांच्याकडे त्या जातात.

या कामाचा माग काढत गेलं की वाट अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत पोचते. एप्रिल 1861 मध्ये लढाईला तोंड फुटलं. सैन्य भराभर वाढलं, पण दवाखान्यांत खाटांवर घालायला पांघरुणं पुरेनात. जूनमध्ये युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन उभं राहिलं आणि उत्तरेतल्या गावोगावच्या बायकांची मंडळं त्याला जोडली गेली. कमिशनने माप कळवलं : लांबी सुमारे सात फूट, रुंदी सुमारे चार फूट. दवाखान्याची खाट अरुंद, म्हणून गोधडीही अरुंद. बायकांनी पलंगावरच्या मोठ्या गोधड्या कापून खाटेच्या मापाच्या केल्या, जुने झगे उसवले, डब्यातले शिल्लक चौकोन बाहेर काढले.

नवं कापड परवडण्यासारखं राहिलं नव्हतं, कारण दक्षिणेचा कापूस बंद झाला होता. तोच कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनाही मिळेना, तेव्हा व्यापारी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 मध्ये लढाई थांबताच बाजार कोसळला. हा इतिहास आम्ही अकोल्यात शिकलो तो आमच्या कापसाच्या बाजूने. त्याच टंचाईत न्यू इंग्लंडमधली एखादी बाई दिव्याजवळ बसून जुन्या झग्याची शिवण उसवत होती, हे मला इथे येऊन कळलं. तेव्हापासून दोन्ही गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

त्या काळच्या काही गोधड्यांची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या बायकांनी केलेली एक टिकून आहे. तिचा प्रत्येक चौकोन स्वतःपुरता पुरा आहे : वर कापड, मध्ये भरण, खाली अस्तर, तिन्हींतून धावदोरा, चारही बाजूंनी किनार. असे पुरे झालेले चौकोन काठाला काठ लावून मागून बारीक टाक्यांनी जोडलेले. इथे याला पॉटहोल्डर पद्धत म्हणतात. तिच्यात मोठी चौकट लागत नाही, सगळ्यांनी एका जागी जमावं लागत नाही, आणि आपला चौकोन आपणच शेवटच्या टाक्यापर्यंत नेलेला असतो. अशा चौकोनांवर बायका शाईने नाव आणि गाव लिहायच्या, कधी धीराचे चार शब्दही. शिकागोत कमिशनचं काम करणाऱ्या मेरी लिव्हरमोर यांनी 1887 मध्ये आपल्या आठवणी छापल्या. गावांकडून येणाऱ्या पेट्या उघडताना काय काय हाती यायचं, ते त्यांत वाचायला मिळतं.

त्या चार वर्षांत अडीच लाखांच्या आसपास गोधड्या सैनिकांपर्यंत गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज खात्रीने ओळखता येतात त्या अगदी मोजक्या. बाकीच्या वापरात विरल्या, दवाखान्यांत धुऊन धुऊन फाटल्या, काही तर सैनिकांबरोबर मातीत गेल्या. संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक पाहुण्यांसाठी राखलेल्या, सणाला काढायच्या गोधड्या. त्या सुंदर आहेतच. पण त्यांच्यावरून गोधडीचा इतिहास लिहिला तर तो अर्धा राहतो, कारण ज्या गोधड्यांनी खरं काम केलं त्या संपून गेल्या.

पुढे पहिल्या महायुद्धात रेड क्रॉससाठी सह्यांच्या गोधड्या झाल्या. सही करायला पैसे द्यायचे, अशी ती वर्गणीच होती. आमच्या भागातला धागा मात्र मेनोनाइट सेंट्रल कमिटीचा. दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, उपासमारीत सापडलेल्या आपल्या पंथाच्या लोकांसाठी ती 1920 मध्ये स्थापन झाली. शंभरी भरली तेव्हा 18 जानेवारी 2020 ला एकाच दिवसात 6,500 गोधड्या पुऱ्या करायचा संकल्प तिने सोडला होता. अलीकडच्या लढाईत तिच्या गोधड्या पुन्हा युक्रेनमध्येच पोचल्या.

आमची गोधडी साधारण साठ इंच रुंद, ऐंशी इंच लांब असते. खोक्यातून नऊ इंची, बारा इंची, कुणाचे साडेअकरा असे सगळे ब्लॉक निघतात. लहानाला चारही बाजूंनी पट्टी लावून मोठं करायचं. मोठ्याला कापायचं नाही, कारण कडेचं नक्षीचं टोक तुटतं. दोन भडक रंगांमध्ये एक साधी पट्टी घातली की डोळा सावरतो. माझी आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या दाट धावदोऱ्याने शिवायची. इथे जाड दोरा वरून खाली घालून परत वर काढतात आणि पक्की दुहेरी गाठ मारतात. दर चार इंचांवर एक, म्हणजे एका गोधडीला अडीचशेच्या वर गाठी. काम लवकर होतं आणि भरण दबत नाही, त्यामुळे ऊबही टिकते. तयार गोधड्या जवळच्या एफ्राटा गावातल्या कमिटीच्या केंद्रात जातात आणि तिथून परदेशी.

अस्तराच्या कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईने साल आणि गाव लिहावं, असं मी आमच्या मंडळात धरून बसले आहे. काहींना ते पटत नाही. सगळं गमावलेल्या माणसाच्या अंगावर देणाऱ्याचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि नावापुरतं ते मला मान्य आहे. पण यादवीतल्या ज्या मोजक्या गोधड्या आज ओळखता येतात, त्या अस्तरावरच्या कमिशनच्या शिक्क्यामुळे आणि बायकांनी शाईने लिहिलेल्या अक्षरांमुळे. साल आणि गाव एवढं तरी लिहू या, हे मी पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.